कोणत्या महिन्यातला सूर्य

दर वर्षी थंडीत आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावच्या सामान्यज्ञान स्पर्धेची मंडळी माझ्या पोह्याच्या गिरणीवर येतात. खुर्च्या ओढून बसतात, चहा पितात आणि म्हणतात, बाई, यंदाही बक्षिसं तुमच्याकडूनच. मी देते. पण माझी एक अट असते. ती ऐकून नवा माणूस हसतो आणि जुना मान खाली घालतो. प्रश्नांचा कागद आधी मला दाखवायचा. त्यात सूर्य कोणत्या दिशेला उगवतो हा प्रश्न असेल, तर तो खोडायचा, नाहीतर त्यात महिना घालायचा. एका वर्षी एक तरुण गुरुजी म्हणाले, "एवढ्याशा प्रश्नावर कायले अडून बसता बाई?" मी त्यांना चहा पूर्ण पिऊ दिला आणि रिकाम्या हातांनी परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी ते महिना घालून आले. माझं डोकं गरम आहे, असं गोरेगावात सगळेच म्हणतात. असेलही. पण ते पहिल्यांदा कुठं तापलं, हे कोणी विचारत नाही, म्हणून मीच लिहून ठेवते.

आमचं गाव गोरेगावपासून सायकलीच्या टप्प्यात. गावाच्या पूर्वेला तळं आणि तळ्याला लांबलचक मातीची पाळ. ती पाळ आम्हा कोहळी समाजाच्या कोण्या पूर्वजांनी बांधली, असं सगळे सांगायचे. पण तळ्याखालच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आमच्या वाट्याला आल्या नव्हत्या, वाट्याला आला तो नुसता अभिमान. बा दुसऱ्याच्या बांध्या ठेक्यानं करायचा आणि माय मुरमुऱ्याची भट्टी चालवायची. भट्टी घराच्या पुढच्या छपरीत होती. तिच्या दारात उभं राहिलं की समोर पाळ दिसायची, डावीकडून उजवीकडे, आभाळाला कड शिवल्यासारखी. मला आठवतं तेव्हापासून माझी सकाळ त्या पाळीवरून येणाऱ्या उजेडानं आणि भट्टीच्या आवाजानं व्हायची. आधी तुसाचा जाळ घुमायचा. मग कढईतली वाळू सळसळायची, तिचा रंग पाहून माय मिठाच्या पाण्यात मुरवून वाळवलेला तांदूळ टाकायची, आणि एकदम तडतड तडतड असा आवाज उठायचा की बोलणं बंद. त्या आवाजात बोलायचं तर ओरडावं लागे, त्यामुळे आमच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलायचे. लोकांना वाटायचं, भांडतात. अर्ध्या वेळा ते खरंही असायचं. चाळणीतून वाळू खाली पडली की वर पांढरेशुभ्र मुरमुरे राहायचे. पहिल्या घाण्यातला पसाभर आमचा. कांदा, हिरवी मिरची, वर जवसाचं कच्चं तेल, आणि असली तर सुकवलेल्या झिंग्यांची चटणी. पुढं मी नागपूरच्या मोठ्या हॉटेलांत जेवले, पण गरम मुरमुऱ्यावर तेल पडल्यावर जो बारीक चुरचुर आवाज येतो, तो कुठल्या ताटातून आला नाही.

मुरमुरे बांधून द्यायला पुड्या लागत, आणि पुड्या करणं माझं काम. बा गोंदियाहून रद्दी आणायचा. एकदा त्या रद्दीत एक जाडजूड पुस्तक आलं. त्याला पुठ्ठा नव्हता आणि माझं लक्ष गेलं तेव्हा शेवटची पानंही उरली नव्हती. पुस्तक गठ्ठ्यात पालथं होतं, ती पानं मीच न बघता वरून फाडली होती आणि त्यांच्या पुड्या आदल्या बाजारात गेल्या होत्या. उरलेलं वाचायला लागले तर नुसते प्रश्न. जगातली सर्वांत लांब नदी कोणती? ऑस्ट्रेलियाची राजधानी कोणती? सर्वांत हलका वायू कोणता? पानिपत कोणत्या नदीजवळ आहे? पहिला बोलपट कोणत्या शहरात दाखवला गेला? उत्तरं शेवटी दिली आहेत, असं दर पानाच्या तळाशी लिहिलेलं. आणि शेवट मी मुरमुऱ्यासोबत विकून बसलेले. मला इतका राग आला की मी रडले. माय म्हणाली, "रडून कायले राहिली? उत्तरं बाजारात गेली ना? मंग बाजारातून आण."

ती हे चेष्टेनं म्हणाली, पण मी ते खरं धरलं. आमच्या गावचा आठवडी बाजार सकाळीच भरायचा, पाळीच्या पायथ्याशी, दोन मोठ्या चिंचांखाली. तिथं मी नवीन धंदा सुरू केला. एका खऱ्या उत्तराला वरची एक मूठ मुरमुरे. एसटीचा कंडक्टर भूगोलाचा पक्का होता, नद्या आणि राजधान्या त्याच्याकडून घ्यायच्या. नागझिऱ्याचा एक वनरक्षक यायचा. वाघाच्या पुढच्या पंजाला पाच नखं आणि मागच्याला चार, हे त्यानं मला चिखलात काठीनं पंजे काढून सांगितलं. वर म्हणाला की ते पाचवं नख चिखलात उठत नाही म्हणून लोक फसतात. आणि सेठ. सेठ म्हणजे गोंदियाचे कापडवाले, गठ्ठे घेऊन सायकलरिक्षानं येणारे, हिंदीच बोलणारे. सिनेमा आणि क्रिकेट त्यांचं. खेळपट्टीची लांबी विचारली तर त्यांनी गज हातात घेतला, मांजरपाटाचा तागा उलगडला आणि बाजाराच्या मधोमध मापून दाखवला. "बाईस गज, बेटी. यहाँ से फेंका, वहाँ मारा." दोन बाया त्या कापडावरून ओलांडून गेल्या तेव्हा त्यांनी तागा गुंडाळला.

सेठ सगळं ठामपणे सांगायचे, न येणारंही. ऑस्ट्रेलियाची राजधानी सिडनी, असं त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं आणि मूठभर मुरमुरे खाल्ले. पुढच्या बाजारी कंडक्टर म्हणाला, कॅनबेरा. मी सेठकडून मुरमुरे परत मागितले. "अरे, खा लिया!" म्हणाले. मी त्यांच्या गठ्ठ्यावर बसून राहिले, शेवटी त्यांनी रिबिनीचा एक तुकडा देऊन मिटवलं. तेव्हापासून मी एकाच दुकानाचा भाव खरा मानत नाही. प्रत्येक उत्तर दोन जणांना विचारायचं, आणि विचारणाऱ्याला लगेच उत्तर द्यायचं नाही, आधी उलटा प्रश्न करायचा. मायची ती रीतच होती. कोणी म्हटलं, मुरमुरे कसे दिले? तर ती म्हणे, किती पाहिजे? आजचे की कालचे? घरी खायला की देवाला? समोरचा पुरता कळल्याशिवाय तिनं कधी भाव सांगितला नाही.

आता त्या बाजारातल्या जागांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सकाळच्या बाजारात सगळा जीव सावलीत. आणि चिंचांची सावली वर्षभर एका जागी पडत नाही. थंडीत सूर्य पाळीच्या उजव्या टोकाकडून निघतो, म्हणून सावली डावीकडे झुकते. उन्हाळ्यात तो पाळीच्या डाव्या अंगानं येतो आणि सावली उजवीकडे जाते. म्हणून बाजाराचा रिवाज असा, की होळी झाली की सगळ्यांनी आपापली जागा सरकवायची आणि दिवाळीनंतर पुन्हा मागं यायचं. कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण मोडायचंही नाही. एका होळीनंतर बांगड्यांचा कासार हटेना. त्याच्या पेट्या सावलीत आणि आमचं पोतं उन्हात. माय कमरेला पदर खोचून उभी राहिली. "काऊन गा भाऊ, सूर्य सरकला, तुले सरकाले काय झालं?" कासार म्हणाला, "सूर्य कायचा सरकते वो? रोज थेच पूर्व." मायनं त्याचा हात धरून त्याला पाळीवर नेलं आणि सूर्य कुठून वर आला ते दाखवलं. अख्खा बाजार बघत होता. कासार खाली आला आणि मुकाट्यानं पेट्या उचलू लागला.

सातवीच्या वर्षी बा म्हणाला, आता बस. आमच्या गावात सातवीपर्यंतच शाळा, आठवी गोरेगावला. मोठ्या बहिणीचं लग्न झालेलं, भट्टीवर मायला हात हवा होता. बा वाईट माणूस नव्हता, आणि त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं. पण मला आठवी हवी होती, दुसरं काहीच नको होतं. त्याच सुमारास गोरेगावला सातवीच्या मुलांची सामान्यज्ञानाची स्पर्धा जाहीर झाली. मी बाला बाजारात गाठलं, मुद्दाम सेठच्या गठ्ठ्यापाशी, म्हणजे साक्षीदार राहील.

"बा, माझा पहिला नंबर आला तर आठवीत जाऊ देशीन?"

"अन नाही आला तं?"

"नाही आला तर भट्टीवर. तोंडातून शब्द नाही काढणार."

"तू? शब्द नाही काढणार?" बा हसला. पण त्यानं माझ्या हातावर हात मारला. सेठ म्हणाले, "हो गया सौदा. मैं गवाह."

स्पर्धा संक्रांतीनंतर झाली. बा मला सायकलवर घेऊन गेला, मागं मुरमुऱ्याचं पोतं बांधून, कारण रिकामी फेरी त्याला मानवत नसे. तो बाहेर फाटकापाशी विकायला बसला आणि मी आत. टेबलावर पितळेची घंटी, माईक, आणि प्रश्न विचारणारे साहेब, काळ्या जाड चष्म्याचे, बाहेरगावाहून बोलावलेले. ते काही दुष्ट नव्हते. त्यांनी आम्हाला पाणी विचारलं, भिऊ नका म्हणाले. एकेक मुलगा गळत गेला. वाघाची नखं आली, माझी. खेळपट्टी आली, माझी. ऑस्ट्रेलिया आला तेव्हा चार पोरं सिडनी म्हणून गेली आणि मला सेठच्या रिबिनीची आठवण झाली. शेवटी दोघीच उरलो, मी आणि गोरेगावच्या वकिलाची मुलगी, गुण सारखे. साहेब म्हणाले, आता शेवटचा प्रश्न, जी आधी घंटी वाजवेल तिनं उत्तर द्यायचं.

"सूर्य कोणत्या दिशेला उगवतो?"

वकिलाची मुलगी थबकली. इतकं सोपं कसं, असं तिच्या तोंडावर दिसलं. मी घंटीवर हात मारला आणि म्हणाले, "कोणत्या महिन्यात?"

सभागृह हसलं. अजूनही त्या हसण्याचा आवाज मला येतो, कढईत तांदूळ पडल्यासारखा. साहेब म्हणाले, "बाळ, उत्तर द्यायचं. प्रश्न विचारायचा नाही." मी सांगू लागले, की आत्ता थंडीत तो पाळीच्या उजवीकडून निघतो, म्हणजे पूर्वेच्या दक्षिणेला, आणि उन्हाळ्यात... त्यांनी हात वर केला. पुस्तिका माझ्याकडे वळवून दाखवली. तिथं छापलं होतं, पूर्व. "इथं पूर्व आहे," म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, पुस्तकातला सूर्य अलग हाये का? उद्या पहाटे आमच्या पाळीवर या, मी दाखवतो." पुन्हा हशा. मग त्यांनी वकिलाच्या मुलीकडे पाहिलं, ती हळूच म्हणाली, पूर्व, आणि टाळ्या पडल्या. मला दुसऱ्या नंबरची कंपासपेटी पुढं केली. मी ती घेतली नाही. टेबलावरच सोडून बाहेर आले.

एक गोष्ट मी आजवर कोणाला बोलले नाही. त्यांना "पूर्व" हवं होतं, हे मला घंटीवर हात पडला तेव्हाच कळलं होतं. तेवढं म्हटलं असतं तर झालं असतं. तोंडातून दुसरं निघालं ते सवयीनं निघालं. पण नंतर त्यांनी हात वर केला तेव्हा एक क्षण होता, आणि त्या क्षणी मी माघार घेतली नाही ती सवयीनं नाही.

परतीला निघालो. तळं दिसायला लागल्यावर बानं सायकल थांबवली. "पूर्व म्हणून टाकाले काय होत होतं तुले?"

"म्हटलं असतं तर माय खोटी पडली असती. कासारापुढं."

बानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर हसू होतं की काय, ते मला अंधारून आल्यामुळं नीट दिसलं नाही. म्हणाला, "सौदा पहिल्या नंबराचा होता, पोरी." आणि सायकल ढकलू लागला.

पुढच्या बाजारी माय भट्टीवरचे हात न धुताच सेठपुढं जाऊन उभी राहिली. साक्षीदार तुम्ही, तर निवाडाही तुम्हीच करा, म्हणाली. सेठनं सगळं ऐकून घेतलं, मला दोनदा सांगायला लावलं, मग गज गठ्ठ्यावर आपटला. "देखो भाई, माल चोखा था. काँटा गलत था. काँटा गलत हो तो माल वापस नहीं करते, फिर से तौलते हैं." आजूबाजूला माणसं जमली होती. कासारही होता, आणि तो मायच्या बाजूनं मान हलवत होता, हे मी पाहिलं. बानं डोक्यावरचा शेला काढून झटकला. दिलेला शब्द मागं घेणं त्याला जमणारं नव्हतं, आणि भर बाजारात हरणं तर त्याहून नाही. शेला पुन्हा बांधून तो बोलला. "ठीक हाये. फेर तोलू. आज भट्टीच्या दारातून सूर्य पाळीवर जिथून निघाला, थिथं मी दगड ठेवतो. शाळा उघडन त्या दिवशी पाहू. सूर्य त्या दगडावरूनच निघाला तं साहेब खरा, पोरगी भट्टीवर. सरकला तं पोरगी खरी." आणि खरंच उठून तो पाळीवर गेला, दगड ठेवून आला.

मला तेव्हा ते अपमानाचं वाटलं. दगड ठेवायचा तर त्या साहेबानं ठेवावा, मी काय म्हणून पुन्हा परीक्षा द्यायची? मी त्या दगडाकडे पाहिलंही नाही. पाळीकडे पाठ करून पुड्या करायची. परीक्षा झाल्यावर मला मामाकडे पाठवलं, इटियाडोह धरणाच्या कालव्याखालच्या गावात. तिथं उन्हाळी धान हिरवंगार उभं होतं आणि मामेबहिणी दिवसभर कालव्यात डुंबायच्या. मी मात्र रोज सकाळी उठून आभाळ बघायची, तिथं ना पाळ ना दगड, नुसती बोटानं अंदाज घ्यायची. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी घरी आले. माय म्हणाली, चार दिवस झाले, सूर्य दिसला नाही.

शाळा उघडायची त्या सकाळी मी उजाडायच्या आधी भट्टीच्या दारात जाऊन उभी राहिले. आभाळ राखेसारखं. पाळीमागं उजेड आला, पण कुठून आला ते कळेना, सगळीकडून सारखाच. मी तिथंच पाय आपटले. ढगांनीसुद्धा साहेबाची बाजू घेतली, असं मी म्हणाले, आणि आणखी काही म्हणाले, जे इथं लिहिण्यासारखं नाही. बा मागून आला, दात घासत. "कोणाले शिव्या देऊन राहिली?"

"सूर्य कुठं हाये, बा? आता कसं तोलशीन?"

त्यानं चूळ भरली. "पाळीकडे नीट पाह्य."

उजेड वाढला तसे दगड दिसू लागले. एक नव्हे. पाळीच्या उजव्या टोकापासून डावीकडे दगडांची रांग गेली होती, प्रत्येकाला ताजा चुना लावलेला. सुरुवातीचे जवळजवळ, मधले लांब लांब पडलेले, आणि डावीकडच्या टोकाशी पुन्हा इतके जवळ की एकमेकांना चिकटल्यासारखे. बानं दर बाजारच्या सकाळी एक ठेवला होता. तो इथं दारात उभा राहायचा आणि माय पाळीवर दगड घेऊन, आणि तो ओरडायचा, आणखी डावीकडे, आणखी, बस. गाव हसायचं म्हणे. आमच्या घरात ओरडणं रोजचंच, त्यात मी पाळीकडे पाठ केलेली, म्हणून मला पत्ता नव्हता. ढग आले तेव्हा शेवटचा दगड पडून चारच दिवस झाले होते.

"शेवटी शेवटी लय कंजूस झाला," बा म्हणाला. "एक पाऊल सरकाले आठवडा घेते. भाव ठरायच्या आधी आपण घेतो तसा." मग तोंड पुसून, माझ्याकडे न बघता, "आठवी ते दहावी. पुढचा सौदा पुढं."

मी लगेच हो म्हटलं नाही. "बाजाराच्या दिवशी?" विचारलं. तो म्हणाला, बाजाराच्या दिवशी दुकानावर. मी म्हटलं, उन्हाळ्यात सकाळची शाळा असते, तेव्हा नाही. तो म्हणाला, बरं. दहावीनंतरचे सौदे मी जास्त कठीण केले आणि बहुतेक जिंकले. ही गिरणीही अशाच एका सौद्यातून उभी राहिली. पण ते साहेब पाळीवर कधी आले नाहीत. मी त्यांना दोन पत्रं टाकली होती, एक थंडीत, एक उन्हाळ्यात, दोन्ही वेळा येऊन बघा म्हणून. उत्तर आलं नाही. ते आता कुठं असतील माहीत नाही. पाळ आहे. अजूनही यावं.

त्या सकाळी मायनं फडक्यात गरम मुरमुरे बांधून दिले. गोरेगावच्या रस्त्यावर गावातल्याच एका मुलीची सोबत होती, तीही आठवीला चाललेली. पाळ अजून दिसत होती तोवरच ती वर बघून म्हणाली, "आज तं सूर्य निघालाच नाही वो, सुमे."

मी थांबले, पाळीकडे वळले, आणि शेवटच्या दगडाच्या थोडं वर, ढगांत, बोट दाखवलं. "निघाला," म्हटलं. "थिथं हाये."